हप्ता भरला, तरी खातं थकीत: ५९० रुपयांचं एक प्रकरण

बँकेच्या नोकरीत मी सत्तावीस वर्षं काढली, त्यातली शेवटची अकरा गृहकर्ज विभागात. निवृत्त झाल्यापासून ओळखीची माणसं कर्जाची स्टेटमेंटं घेऊन घरी येतात. हे प्रकरण त्यातलंच. कुटुंबाच्या परवानगीने लिहिते आहे. माणसांची नावं बदलली आहेत, बँकांची नावं घेतलेली नाहीत, आणि रकमा पैसे गाळून पूर्ण रुपयांत दिल्या आहेत.

पार्श्वभूमी

सुहास आणि मनीषा नाशिकच्या सिडको भागात राहतात. सुहास अंबडच्या औद्योगिक वसाहतीत सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी विभागात आहे, मनीषा घरी शिकवण्या घेते. मुलगी सातवीत, मुलगा तिसरीत. २०१९ मध्ये त्यांनी २८ लाखांचं कर्ज घेऊन दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. मुदत २० वर्षं, तेव्हाचा दर ८.७५ टक्के, हप्ता २४,७४४ रुपये, तारीख ५. पुढे दर खाली आला, मग वर गेला, पण बँकेने हप्ता तोच ठेवून मुदत कमी-जास्त केली. कर्ज दोघांच्या नावावर आहे: सुहास कर्जदार, मनीषा सहकर्जदार. पाच वर्षांत एकही हप्ता चुकला नव्हता. कोविडच्या काळात, मार्च ते ऑगस्ट २०२० मध्ये, हप्ते थांबवायची सवलत मिळाली होती, ती सुद्धा त्यांनी घेतली नाही.

एप्रिल २०२४ मध्ये सुहासने नोकरी बदलली. जुन्या कंपनीत पगार महिन्याच्या शेवटच्या दिवशी व्हायचा. नव्या कंपनीत तो ७ तारखेला. म्हणजे हप्ता ५ ला आणि पगार ७ ला. हा दोन दिवसांचा फरक त्या घरात कुणाच्या लक्षात आला नाही, कारण मे महिन्याचा हप्ता जुन्या कंपनीकडून मिळालेल्या शेवटच्या हिशेबाच्या पैशांतून निघून गेला.

त्याच वेळी दुसरी एक गोष्ट झाली. तिचं महत्त्व पुढे कळेल. सुहासचा मोबाइल नंबर जुन्या कंपनीने दिलेला होता. नोकरी सोडताना सिम परत करावं लागलं. पगाराच्या बँकेत त्याने नवा नंबर नोंदवला. कर्जाच्या बँकेत नोंदवायचा राहून गेला.

५ जून

जून म्हणजे शाळा उघडण्याचा महिना. दोन मुलांची फी, पुस्तकं, गणवेश, रेनकोट. ४ जूनच्या रात्री सुहासच्या खात्यात २१,३१० रुपये होते. हप्त्याला ३,४३४ रुपये कमी. मनीषाच्या खात्यात शिकवण्यांचे अठरा हजार पडून होते. तिने विचारलंही, "टाकू का मी?" सुहास म्हणाला, "सात तारखेला पगार होतोय. पाच दिवस चालतात."

हे "पाच दिवस चालतात" त्याने फ्लॅट घेताना कर्ज करून देणाऱ्या एजंटाच्या तोंडून ऐकलं होतं. मी हे वाक्य माझ्या टेबलासमोर शेकडो वेळा ऐकलं आहे, आणि ते ऐकणाऱ्याला खरं वाटतं यालाही कारण आहे. आयुर्विम्याचा हप्ता चुकला तर ३० दिवसांची सवड असते, मासिक हप्ता असेल तर १५ दिवसांची. क्रेडिट कार्डाचं बिल देय तारखेनंतर तीन दिवसांहून जास्त राहिलं तरच कंपनी दंड लावू शकते आणि थकबाकीची नोंद करू शकते, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे. मनीषाचा भाऊ न्यू जर्सीत असतो. तिथे घराच्या कर्जाचा हप्ता १ तारखेचा असला तरी बहुतेक करारांत १५ तारखेपर्यंत दंड लागत नाही. या सगळ्यांवरून गृहकर्जालाही सवड असणार, असं माणूस धरून चालतो.

आपल्याकडच्या गृहकर्जाला अशी कायद्याने दिलेली सवड नाही. करारात लिहिली असेल तर असेल, आणि ती सुद्धा दंडापुरती. थकबाकीच्या नोंदीपुरतं बोलायचं तर १२ नोव्हेंबर २०२१ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने कुठलीही संदिग्धता ठेवलेली नाही: देय तारखेला बँकेचं दिवसअखेरचं काम चालेपर्यंत पैसे आले नाहीत, तर खातं त्याच तारखेपासून थकीत. तिथून ३० दिवसांपर्यंत एसएमए-० (एसएमए म्हणजे बँकेने खास लक्ष ठेवायचं खातं), मग ६० पर्यंत एसएमए-१, ९० पर्यंत एसएमए-२, आणि ९० दिवस उलटले की एनपीए, म्हणजे अनुत्पादक कर्ज. दिवसांची मोजणी देय तारखेपासूनच सुरू होते.

५ जूनला सकाळीच नॅचमधून, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप वळता करणाऱ्या यंत्रणेतून, हप्ता मागितला गेला आणि परत गेला. नॅच १ ऑगस्ट २०२१ पासून रविवारी आणि सुट्टीलाही चालतं, आणि मागणी सकाळी लवकर येते. पैसे आदल्या रात्री खात्यात असायला हवेत. पगाराच्या बँकेने परतीचे २९५ रुपये कापले आणि तसा मेसेज आला. कर्जाच्या बँकेने बाऊन्स चार्ज ५९० रुपये लावला. त्याचा मेसेज गेला जुन्या कंपनीच्या सिमवर.

पगार ७ ला झाला. ८ जूनला, शनिवारी, सुहासने यूपीआय अॅपच्या बिल भरण्याच्या पानावर कर्जखात्याचा नंबर टाकला. देय रक्कम २४,७४४ दिसली. त्याने तेवढी भरली, पावती आली, विषय संपला असं त्याला वाटलं. कुणालाही तसंच वाटलं असतं.

पैसे कुठे गेले

आता बँकेच्या आत काय झालं ते सांगते. घरच्या माणसाला ते बाहेरून दिसत नाही, आणि या प्रकरणाचं सगळं मूळ त्यातच आहे.

कर्जाच्या करारात वसुलीचा क्रम लिहिलेला असतो. या करारात तो असा होता: आधी शुल्क, मग व्याज, मग मुद्दल. ८ जूनला आलेल्या २४,७४४ मधून संगणकाने आधी ५९० रुपयांचा बाऊन्स चार्ज उचलला. हप्त्याकडे गेले २४,१५४. जूनचा हप्ता ५९० रुपयांनी अपुरा राहिला आणि खातं थकीतच राहिलं.

महिनाअखेरीस थकबाकीचा दंड लागला. बँकेच्या दरपत्रकात तो थकीत रकमेवर दरमहा २ टक्के होता. थकीत होते ५९०. दंड लागला पूर्ण २४,७४४ वर: ४९५ रुपये, वर १८ टक्के जीएसटी ८९, एकूण ५८४.

५ जुलैला नॅचमधून हप्ता व्यवस्थित गेला. संगणकाने त्यातून आधी जूनचे ५८४ उचलले, मग जूनच्या हप्त्याचे राहिलेले ५९० भरले, आणि उरलेले जुलैच्या हप्त्याला लावले. जुलैचा हप्ता आता १,१७४ रुपयांनी अपुरा. महिनाअखेरीस पुन्हा ५८४. ऑगस्टचा हप्ता १,७५८ ने अपुरा. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, सगळीकडे हेच. दर महिन्याला नॅच यशस्वी, दर महिन्याला पगाराच्या बँकेचा मेसेज की २४,७४४ गेले, आणि दर महिन्याच्या शेवटी खातं २५ किंवा २६ दिवस थकीत. नोव्हेंबर संपला तेव्हा सहा महिन्यांचा दंड ३,५०४ आणि मूळचे ५९० मिळून ४,०९४ रुपये थकले होते.

सरळ हिशेब केला तर काय निघतं? हप्ता तीन दिवस उशिरा भरला. २४,७४४ वर वर्षाला २४ टक्क्यांच्या दराने तीन दिवसांचा दंड होतो ४९ रुपये. त्यात बाऊन्स चार्ज ५९० मिळवा. ६३९.

१८ ऑगस्ट २०२३ ला रिझर्व्ह बँकेने दंडाबद्दल जे परिपत्रक काढलं ते नेमकं अशाच गोष्टी थांबवण्यासाठी होतं. त्याआधी बँका दंडव्याज लावत, म्हणजे दंड व्याजदरातच मिसळत आणि त्यावर पुन्हा व्याज चढे. नव्या नियमाने दंड हे वेगळं शुल्क झालं. त्यावर व्याज लावायचं नाही, तो झालेल्या चुकीच्या मानाने बेताचा हवा, घरासाठी कर्ज घेणाऱ्या माणसाला कंपनीपेक्षा जास्त दंड लावायचा नाही, आणि तो करारात आणि वेबसाइटवर स्पष्ट लिहायचा. नंतरच्या खुलाशात असंही सांगितलं की हप्ता चुकला तर दंड फक्त थकलेल्या रकमेवर लावायचा. नव्या कर्जांना हे १ एप्रिल २०२४ पासून लागू झालं, जुन्या कर्जांना उशिरात उशिरा ३० जून २०२४ पासून.

सुहासचा हप्ता चुकला ५ जूनला. जुना नियम संपत होता, नवा सुरू व्हायचा होता. या सांध्यावरच पुढे बँकेने बोट ठेवलं.

एक गोष्ट मला फार लागली. दंडावर व्याज नको असं नियम म्हणतो. पण दंड हप्त्यातून आधी उचलला की हप्ता अपुरा पडतो, तेवढं मुद्दल कमी फिटतं, आणि त्या मुद्दलावर नेहमीचं व्याज चालू राहतं. पुढचं दार लावलं आणि मागचं उघडं राहिलं. अमेरिकेत कर्जाच्या नियमांत याच गोष्टीला वेगळी मनाई आहे: चालू हप्ता वेळेवर आणि पूर्ण आला असेल, आणि थकबाकी केवळ मागच्या दंडाची असेल, तर त्यावरून नवा दंड लावता येत नाही. आपल्या २०२३ च्या परिपत्रकात हे इतक्या थेट शब्दांत असतं तर सुहासचं प्रकरण जुलैमध्येच थांबलं असतं.

कळलं कधी

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. दर ९.३५ झाला होता, कर्ज २४ लाख २० हजार उरलं होतं, आणि दुसरी एक बँक ८.६० ने कर्ज घ्यायला तयार होती. वैयक्तिक माणसाच्या चढ-उताराच्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड नसतो, त्यामुळे बदलण्यात अडचण नव्हती. पाऊण टक्क्याचा फरक म्हणजे महिन्याला ढोबळ पंधराशे रुपये.

नव्या बँकेने अर्ज परत पाठवला. कारण: सिबिलच्या, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीच्या, अहवालात जून ते ऑक्टोबर, ओळीने पाच चौकटींत थकबाकीचे दिवस. ०२५, ०२६, ०२६, ०२५, ०२६. मनीषाच्या अहवालातही तेच, कारण ती सहकर्जदार. नोव्हेंबरची चौकट नंतर आली, तीही ०२५.

मनीषा संध्याकाळी माझ्याकडे आली तेव्हा तिचा आवाज थरथरत होता. "काकू, आम्ही एकही हप्ता बुडवला नाही. हे कुणाचं तरी दुसऱ्याचं आलंय." दुसऱ्याचं नव्हतं. तिला मी कर्जखात्याचं सविस्तर स्टेटमेंट आणायला सांगितलं. वर्षाअखेरीस प्राप्तिकरासाठी मिळतो तो एक पानी दाखला नव्हे, तर ज्यात प्रत्येक जमा रक्कम कशाकशात वाटली गेली ते दिसतं, ते. त्याची सहा पानं आम्ही तिघांनी जेवणाच्या टेबलावर पसरून पेन्सिलने खुणा केल्या. रात्री अकराला चित्र स्पष्ट झालं.

काय काय करता येत होतं

पहिला मार्ग, गुपचूप ४,०९४ भरून मोकळं व्हायचं. सुहासचा कल तिकडे होता. "चार हजारांसाठी कोण फेऱ्या मारणार?" यात थकबाकी थांबली असती, पण सहा चौकटी तशाच राहिल्या असत्या आणि बँकेचा हिशेब बरोबर होता असं आपणच मान्य केल्यासारखं झालं असतं.

दुसरा, एक पैसाही न भरता भांडायचं. मनीषाला हे पटत होतं. मी विरोध केला. भांडण दोन-तीन महिने चालतं, आणि तोवर प्रत्येक महिनाअखेरीस नवी चौकट रंगते. बरोबर असूनही आपलंच नुकसान.

तिसरा मार्ग शाखेतून आला. सुहास १० डिसेंबरला शाखेत गेला तेव्हा तिथल्या अधिकाऱ्याने सांगितलं, "सिस्टीममधून लागतं, आमच्या हातात नाही," आणि थोड्या वेळाने निम्मा दंड माफ करायची तयारी दाखवली. अट एकच, एका छापील पत्रावर सही: माझी या खात्याबद्दल कोणतीही तक्रार उरलेली नाही. १,७५२ रुपये वाचत होते. सुहासने मला फोन केला. मी विचारलं, सिबिलच्या दुरुस्तीबद्दल त्या पत्रात काही आहे का? नव्हतं. तो सही न करता परतला. पूर्ण प्रकरणात मला सगळ्यात मोलाचा वाटणारा क्षण हाच. अधिकारी वाईट नव्हता, त्याच्या हातात जेवढं होतं तेवढं तो देत होता. पण सही झाली असती तर पुढचं काहीच शक्य नव्हतं.

चौथा मार्ग आम्ही घेतला: पूर्ण रक्कम भरायची, पण हरकत राखून, आणि लेखी तक्रार करायची.

काय केलं

११ डिसेंबरला ४,०९४ रुपये भरले. त्याच दिवशी बँकेला मेल केला की ही रक्कम खातं थकीत राहू नये म्हणून भरत आहोत, आकारणी मान्य नाही, परताव्याचा हक्क राखून ठेवत आहोत. मोबाइल नंबरही त्याच दिवशी बदलून घेतला. डिसेंबरची चौकट ०००.

१३ डिसेंबरला तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार गेली. तिच्यात मी भावनेचं एकही वाक्य ठेवू दिलं नाही. दोन कागद जोडले: पेन्सिलच्या खुणांवरून टंकलेला महिनावार तक्ता, आणि ८ जूनची यूपीआय पावती. ही पावती आमचा सगळ्यात भक्कम पुरावा होती. बँकेनेच बिल म्हणून २४,७४४ दाखवले होते आणि ते पूर्ण भरले होते. त्या क्षणी बँकेला आणखी ५९० हवे होते तर ते बिलात का दिसले नाहीत?

तक्रारीत भारतीय करार कायद्याचं कलम ५९ घालावं का, यावर मी दोन दिवस विचार केला. ऋणको पैसे देताना ते कशासाठी देतो हे सांगतो, आणि धनको ते घेतो, तेव्हा त्याने ते त्याच कारणाला लावायला हवेत, असं ते कलम आहे. पण ते बोलतं वेगवेगळ्या कर्जांबद्दल. एकाच कर्जाचा हप्ता आणि त्याचंच शुल्क यांना ते लागतं का, यावर वाद होऊ शकतो, शिवाय करारात क्रम लिहिलेला होता. म्हणून ते एका ओळीत ठेवलं आणि सगळा भर रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकावर दिला: दंड थकलेल्या रकमेवरच, आणि प्रमाणात.

३ जानेवारी २०२५ ला उत्तर आलं. साडेतीन ओळी. शुल्क करारानुसार आहे, ग्राहकाला मेसेजने कळवलं होतं, तक्रार बंद करत आहोत.

मेसेजचा मुद्दा खोटा नव्हता. चुकलेल्या हप्त्याची आठवण देताना दंडही कळवायचा असा नियम आहे, बँकेने तो पाळला होता, फक्त मेसेज ज्या सिमवर गेले ते कुणाच्या तरी टेबलाच्या खणात पडलं होतं. ही आपली चूक आहे हे मी सुहासला स्पष्ट सांगितलं. पण नंबर चुकीचा असल्याने ५९० वरचा दंड २४,७४४ वर लावता येत नाही.

१४ जानेवारीला रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार केली. एकात्मिक लोकपाल योजना २०२१ पासून आहे. फी नाही, वकील लागत नाही, पण आधी बँकेकडे तक्रार करून नकार मिळालेला हवा किंवा ३० दिवस उलटलेले हवेत. कर्ज गृहवित्त कंपनीचं असेल तर मात्र दार वेगळं, राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेचं. त्याच दिवशी सिबिलकडे आणि कर्जाच्या बँकेकडे नोंदी दुरुस्त करण्याचा अर्ज दिला, सुहासचा वेगळा, मनीषाचा वेगळा.

२८ जानेवारीला केंद्र सरकारच्या परिपत्रकाने स्पष्ट केलं की बँकांच्या अशा दंडावर जीएसटी लागत नाही. आमच्या तक्त्यातले दरमहा ८९ रुपये त्यामुळे आपोआप प्रश्नांकित झाले. आम्ही ते लोकपालाकडच्या तक्रारीला पुरवणी म्हणून जोडलं.

निकाल

मार्चच्या पहिल्या आठवड्यात बँकेने लेखी तडजोड मांडली. जुलै ते नोव्हेंबर पाच महिन्यांचा दंड करासह परत, म्हणजे २,९२०. त्या पाच महिन्यांच्या सिबिल नोंदी दुरुस्त. जूनचा दंड आणि जूनची नोंद मात्र तशीच, कारण हे कर्ज नव्या दंडपद्धतीत ३० जूनला आलं आणि तोवर जुना करार लागू होता.

मला जूनबद्दलचा युक्तिवाद पटला नाही आणि आजही पटत नाही. हप्ता जूनमध्येच, तीन दिवसांत पूर्ण आला होता. पण तडजोड नाकारली तर लोकपालाच्या निर्णयासाठी आणखी किती थांबावं लागेल हे सांगता येत नव्हतं, आणि नवी बँक थांबणार नव्हती. निर्णय त्या दोघांचा होता. मनीषाला पुढे जायचं होतं, सुहास म्हणाला आता बास. त्यांनी तडजोड स्वीकारली. १० मार्चला पाच चौकटी ००० झाल्या, दोघांच्याही अहवालात.

एप्रिलमध्ये कर्ज नव्या बँकेत गेलं. मधल्या काळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो, ६.५० वरून दोनदा पाव-पाव टक्का उतरून ६ वर आला होता, त्यामुळे दोन्हीकडचे दर खाली आले, पण पाऊण टक्क्याचा फरक टिकला. चार महिने उशीर झाला. महिन्याला पंधराशे धरले तर सहा हजार गेले, परत आले २,९२०.

कुठे वेगळं वागता आलं असतं

एप्रिल २०२४, नोकरी बदलली तेव्हा. हप्त्याची तारीख ५ वरून १० करता आली असती. बँकेकडे ५, १०, १५ अशा तारखा होत्या. त्यासाठी नवं नॅच मँडेट, म्हणजे हप्ता कापायची परवानगी, भरून द्यावं लागतं आणि मधल्या पाच दिवसांचं व्याज द्यावं लागतं. त्यांच्या कर्जावर ते साधारण ३,१०० रुपये झालं असतं. ही रक्कम ऐकून माणूस मागे हटतो. नसती द्यायची तर एक हप्ता कायम खात्यात शिल्लक ठेवणं हा दुसरा उपाय, पण दोन मुलांच्या घरात २५ हजार हात न लावता ठेवणं बोलण्याइतकं सोपं नाही. नव्या बँकेत मात्र त्यांनी सुरुवातीपासून १० तारीख मागून घेतली. तिथे त्याचे पैसे पडले नाहीत.

४ जूनची रात्र. मनीषाचा हात फोनवर होता. ३,४३४ रुपये.

८ जून. हप्ता भरल्यावर चार-पाच दिवसांनी कर्जखात्यावर "एकूण थकबाकी" किती दिसते हे पाहिलं असतं, तर ५९० तिथेच सापडले असते. बाऊन्स झालेला हप्ता भरणं आणि खातं पूर्ववत होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शाखेत जाऊन किंवा कस्टमर केअरला फोन करून एकच प्रश्न विचारायचा: आज माझ्या खात्यावर शून्य थकबाकी आहे का? आणि शून्य असल्याचा मेल मागायचा.

जून ते डिसेंबर. सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांना वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट द्यावा लागतो. म्हणजे दर तीन महिन्यांनी एक, असं आळीपाळीने पाहता येतं. सप्टेंबरमध्ये पाहिलं असतं तर सहाच्या जागी दोन-तीन चौकटी निघाल्या असत्या.

आणि १३ डिसेंबर, जी चूक माझी. पहिल्या तक्रारीत मी फक्त पैशांबद्दल लिहायला लावलं. नोंद दुरुस्तीची मागणी जानेवारीत गेली. क्रेडिट नोंदीची तक्रार ३० दिवसांत सुटली नाही तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते, असा नियम २६ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. घड्याळ तक्रारीच्या दिवसापासून चालतं. १४ जानेवारीपासून मोजलं तर १० मार्चपर्यंत २५ दिवस, अडीच हजार. १३ डिसेंबरलाच मागणी केली असती तर ५७ दिवस, पाच हजार सातशे. तडजोडीच्या पत्रावर सह्या होईपर्यंत मला हा नियम आठवला नाही, त्यामुळे अडीच हजारही मागितले गेले नाहीत. मनीषा म्हणाली, "जाऊ द्या काकू." पण ते पैसे त्यांचे होते. तेव्हापासून कुणीही असा कागद घेऊन आलं की पहिल्याच तक्रारीत तीन मागण्या मी वेगवेगळ्या लिहायला लावते: आकारणी रद्द, नोंद दुरुस्त, उशिराची भरपाई.

सिबिलच्या अहवालात मागच्या ३६ महिन्यांचा इतिहास दिसतो. जून २०२४ च्या चौकटीत दोघांच्याही नावापुढे ०२५ अजून आहे.